वडिलांची लष्करी नोंद: काय दुरुस्त करायचे आणि काय जपायचे

भंडारा जिल्ह्यातले करडी असो की पूर्व विदर्भातले दुसरे एखादे गाव, बौद्ध वस्तीला लष्करी नोकरीचा वारसा नवा नाही. कामठीची छावणी इथून फार दूर नाही. आजोबा दुसऱ्या महायुद्धात, वडील १९६५ किंवा १९७१ च्या लढाईत, अशी घरे आपल्या समाजात आहेत. भिंतीवर गणवेशातला फोटो, पेटीत पदके आणि एक जीर्ण डिस्चार्ज बुक. त्या पुस्तकात वडिलांचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे. आईच्या नावाचे तर तिसरेच काहीतरी. इतकी वर्षे त्यावाचून कुणाचे फारसे अडत नव्हते. आता अडू लागले आहे.

त्याची कारणे तीन आहेत. पहिले, लष्करी पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेतून मिळते. पूर्वी बँकेतला बाबू माणूस ओळखून सही घेत असे. संगणक माणूस ओळखत नाही, अक्षरे जुळतात का तेवढे पाहतो. दुसरे, जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना आजोबांच्या भरतीचा कागद किती मोलाचा आहे हे अनेकांना उशिरा कळते. तिसरे, लष्कराच्या नोंदी कायम राहत नाहीत. नियमाने ठरलेल्या मुदतीनंतर त्यांतला मोठा भाग नष्ट केला जातो.

म्हणून हा विषय एखाद्या घराच्या पेन्शनपुरता राहत नाही. दुरुस्तीचा अर्ज करण्यापूर्वी आपल्याला एक भेद नीट कळायला हवा. नोंदीत जे चुकले आहे ते दुरुस्त करून घ्यायचे. नोंदीत जे त्या काळचे खरे आहे, ते आज आपल्याला आवडत नसले तरी पुसायचे नाही. हा भेद न करता अर्ज केला, तर पेन्शनची वाट मोकळी करण्याच्या नादात पुढच्या पिढीचा पुरावा आपल्याच हाताने जाईल.

चुका कुठून आल्या

दुसऱ्या महायुद्धात भरती वेगाने झाली. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर नियुक्ती झाली. महारांची स्वतंत्र पलटण उभी राहावी म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली आणि १९४२ मध्ये दुसरी बटालियन कामठीला. ही दुसरी बटालियन पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. खेड्यातून आलेल्या तरुणाकडे जन्माचा दाखला नसे. डॉक्टर अंगकाठी पाहून वय ठरवत. नाव कारकून ऐकून इंग्रजीत लिहीत. त्याला मराठी येत असेलच असे नाही. मेश्रामचे मिश्रा, रामटेकेचे रामटेक होणे किंवा बापाचे नाव आडनावाच्या जागी बसणे यात नवल काहीच नव्हते.

गावाच्या नोंदीचेही तसेच. आजचा मोहाडी तालुका तेव्हा नव्हता. इंग्रजी अमदानीत भंडारा जिल्ह्याच्या तहसिली तीनच होत्या: भंडारा, साकोली आणि तिरोडा. तिरोड्याची जागा पुढे गोंदियाने घेतली. जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेशात राहिला, १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला. म्हणजे एकाच घरातल्या आजोबा, वडील आणि मुलाच्या कागदांवर गाव तेच असूनही तहसील, जिल्हा आणि राज्य वेगवेगळे असू शकते. याला चूक म्हणत नाहीत. तो प्रशासनाचा इतिहास आहे. तो समजावून सांगणारे एक साधे पान अर्जाला जोडले, तर अर्ज परत येण्याचे एक कारण कमी होते.

मग आले १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या दीक्षाभूमीवर समाज बौद्ध झाला. अनेकांनी मुलांची नावे बदलली, काहींनी आडनावेही. पण लष्करातली शीट रोल १९५६ च्या आधी भरलेली होती. सेवेत असताना धर्मबदलाची नोंद करून घेतली असेल तर तसा पार्ट टू ऑर्डर निघालेला असतो. नसेल, तर कागदावर जुनाच धर्म आणि जुनीच जात राहते. मुलाच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत 'बौद्ध' आणि बापाच्या भरतीच्या कागदात 'महार', असा फरक यातूनच पडला.

स्वतः बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत मुलाचा जन्म झाला तो वडिलांच्या लष्करी नोकरीमुळेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये या मुलाचे नाव लागले भिवा रामजी आंबेडकर. लष्कराच्या कागदावर बाप सकपाळ, शाळेच्या कागदावर मुलगा आंबेडकर. आजच्या एखाद्या खिडकीवर हे दोन कागद ठेवले, तर 'नाव जुळत नाही' असा शेरा मारून ते परत केले जातील. तेव्हा नाव न जुळणे हा आपल्या घरातला कमीपणा मानायचे कारण नाही. आपल्या समाजाच्या वाटचालीचीच ती खूण आहे.

नोंदीसाठीचा झगडा जुना आहे

१८९० च्या दशकात 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताखाली इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. त्याविरुद्ध १८९४ मध्ये निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारसाठी अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्याकडे दाद मागितली. आपल्या आधुनिक चळवळीच्या अगदी सुरुवातीच्या कागदांत हे अर्ज येतात, आणि त्यांचा आधार एकच होता: आमचे लोक लढले आहेत, तुमच्याच दप्तरात पाहा.

भीमा कोरेगावचा स्तंभही एका अर्थाने सेवानोंदच आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईतल्या मृतांची नावे त्यावर कोरली आहेत. त्यांतली २२ नावे महारांची, हे आपण ओळखतो ते नावाच्या शेवटच्या 'नाक' या प्रत्ययावरून. उद्या कुणी 'ही जुन्या पद्धतीची नावे बरी दिसत नाहीत, आधुनिक करू' म्हणून तो प्रत्यय काढला असता, तर ते बावीस जण इतरांच्या गर्दीत हरवले असते. त्या स्तंभाने आपल्याला दिलेला सगळा आधार त्या दोन अक्षरांत आहे. नोंद जशीच्या तशी राहणे किती महत्त्वाचे असते, हे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला कळणार?

कागद कुठे असतो आणि किती दिवस

महार रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय, म्हणजे रेकॉर्ड ऑफिस, मध्य प्रदेशात सागरला आहे. पण वडील महार होते म्हणून महार रेजिमेंटमध्येच होते असे धरून चालू नका. आपली माणसे वैद्यकीय दलात, इंजिनिअर्समध्ये, पुरवठा दलातही होती. प्रत्येक दलाचे रेकॉर्ड ऑफिस वेगळे. वैद्यकीय दलाचे लखनौला, बॉम्बे इंजिनिअर्सचे पुण्याजवळ खडकीला. म्हणून पहिले काम म्हणजे सैनिक क्रमांक आणि दल शोधणे. ते डिस्चार्ज बुकात, पेन्शनच्या आदेशावर, आणि महायुद्धातली मोहीम पदके असतील तर बहुधा त्यांच्या कडेवर कोरलेले सापडते. जुनी पदके मोडीत घालू नका असे सांगण्याचे हे एक कारण.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लष्कराच्या १९८७ च्या नियमावलीतील परिच्छेद ५९५ प्रमाणे, पेन्शन न मिळालेल्या शिपायाची सेवा कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट केली जातात. महायुद्ध संपल्यावर १९४६-४७ मध्ये घरी पाठवलेले बहुतेक जवान पेन्शनशिवाय परतले. त्यांची शीट रोल मागायला गेल्यावर 'कागदपत्रे मुदतीनंतर नष्ट केली' असे उत्तर येते ते यामुळे. अशा वेळी मागे उरते ती लाँग रोल. ही मोठी नोंदवही असते. तिच्यात क्रमांक, नाव, भरतीची तारीख, सेवा सुटल्याची तारीख आणि कारण अशी थोडक्यात माहिती असते. म्हणून अर्जात 'सेवा कागदपत्रे द्या' एवढेच लिहून थांबू नका. 'ती नष्ट झाली असल्यास लाँग रोलमधील नोंदीची साक्षांकित प्रत द्या' हे वाक्य आवर्जून लिहा.

या पंचवीस वर्षांचा हिशेब आजच्या तरुणांनाही लागू आहे. १९९९ च्या कारगिल लढाईच्या सुमारास जे पेन्शनशिवाय लष्कराबाहेर पडले, त्यांचे कागद आता याच मुदतीत आले आहेत. ज्यांचे वडील त्या काळात आजारपणामुळे किंवा जखमेमुळे घरी पाठवले गेले, त्यांनी हा विषय पुढच्या वर्षावर टाकू नये.

अर्जाची वाट

पहिला थांबा भंडाऱ्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांच्या प्रकरणांत रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करून देणे हे या कार्यालयाचे कामच आहे. राज्य सरकार दुसऱ्या महायुद्धातील पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना जी दरमहा मदत देते, तीही याच कार्यालयामार्फत. तिथे हात जोडून उपकार मागायला जायचे नाही. अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

पत्नीचे नाव, तिची जन्मतारीख, मुलांची नावे यांतली चूक दुरुस्त करण्याची रीत ठरलेली आहे. डिस्चार्ज बुक आणि पेन्शन आदेशाची प्रत, प्रतिज्ञापत्र, ओळखीचे पुरावे आणि बहुधा वर्तमानपत्रातली जाहीर सूचना जोडून अर्ज रेकॉर्ड ऑफिसला जातो. मान्य झाला की पार्ट टू ऑर्डर निघतो. त्याच्या आधारे प्रयागराजचे संरक्षण पेन्शन लेखा कार्यालय सुधारित आदेश काढते. माजी सैनिक याला 'कॉरिजेंडम पीपीओ' म्हणतात. पार्ट टू ऑर्डर निघाला म्हणजे काम झाले असे नाही. पेन्शन आदेशात बदल होईपर्यंत पाठपुरावा करावा लागतो.

यात सर्वांत जास्त भरडली जाते ती आई. भरतीच्या वेळी किंवा लग्नानंतर किंड्रेड रोलमध्ये तिचे घरगुती नाव लागलेले, मतदार यादीत दुसरे, आधारवर तिसरे. नवरा हयात असेपर्यंत काही कळत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज अडतो आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या नवऱ्याची बायको असल्याचे सिद्ध करावे लागते. म्हणून वडील हयात असतानाच ही नावे तपासा. त्यांच्या एका सहीने जे काम होते, त्यासाठी त्यांच्या मागे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागू शकतात.

उशिराची किंमतही मोजावी लागते. पेन्शनचा हक्क शाबीत झाला तरी उशिरा दावा केल्यास थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले. वीस वर्षे अन्याय झाला, तरी हातात येतात तीन वर्षांचे पैसे.

रेकॉर्ड ऑफिसने नकार दिला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ मुंबईला आहे. सेवेसंबंधीच्या बाबींत निवृत्त सैनिकाचे अवलंबित आणि वारसही तिथे दाद मागू शकतात, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. मात्र अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण कारण पटवावे लागते. म्हणून तोंडी नकार घेऊन घरी परत येऊ नका. नकार नेहमी लेखी मागा.

माहिती अधिकाराबद्दलचा गैरसमज

लष्कराला माहिती अधिकार लागू नाही, असे आपल्या कार्यकर्त्यांतही बोलले जाते. ते बरोबर नाही. २००५ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत काही गुप्तचर आणि सुरक्षा संघटनांना सूट आहे. सीमा सुरक्षा दल आणि आसाम रायफल्स त्यात आहेत, भूदल नाही. दहा रुपयांच्या शुल्कात लष्कराकडे माहिती मागता येते.

अलीकडे एक नवी अडचण आली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले कलम ८(१)(ज) बदलले आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. देशभरातल्या माहिती अधिकार कार्यकर्त्यांचा या बदलाला विरोध आहे आणि तो योग्य आहे. तरीही आपल्या विषयात दोन दारे उघडी आहेत. कलम ८(२) नुसार जनहित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. आणि कलम ८(३) सांगते की अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, राष्ट्रीय सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद यांच्याशी संबंधित अपवाद वगळता, दिली पाहिजे. वैयक्तिक माहितीचा अपवाद या तिनांत येत नाही. १९४२ ची भरती, १९६५ ची जखम, १९७१ ची सेवा हे सगळे वीस वर्षांहून जुने आहे. अर्जात कलम ८(३) चा उल्लेख करा आणि वारसाचा पुरावा जोडा.

लष्करप्रमुखांचीही तारीख बदलली नाही

काय बदलू शकते आणि काय नाही, हेही आधी माहीत असावे. जन्मतारखेच्या दुरुस्तीबाबत न्यायालये कडक आहेत. नोकरीच्या अखेरीस जन्मतारीख बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हरनाम सिंग प्रकरणात १९९३ मध्येच सांगितले. २०१२ मध्ये तर खुद्द लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग न्यायालयात गेले. लष्कराच्या एका शाखेत त्यांचे जन्मवर्ष १९५१ आणि दुसऱ्या शाखेत १९५० होते. १० फेब्रुवारी २०१२ ला त्यांनी याचिका मागे घेतली आणि १९५० हेच साल कायम राहिले.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, एकाच लष्कराच्या दोन दप्तरांत एकाच माणसाची दोन जन्मवर्षे असू शकतात. तेव्हा करडीच्या शिपायाच्या कागदात विसंगती सापडली म्हणून 'तुम्हीच खोटे कागद केले असतील' असे ऐकून घ्यायची गरज नाही. दोन, भरतीच्या वेळचे अंदाजे वय बदलण्यात शक्ती घालवू नका. बहुतेक वेळा तो मुद्दा पेन्शनसाठी लागतही नाही. जखमेची नोंद, सेवेचा कालावधी, पत्नीचे नाव, पदकाची पात्रता यांवर जोर द्या.

एका कृष्णवर्णीय शिपायाची गोष्ट

जखमेची नोंद न होणे म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या हेन्री जॉन्सनच्या आयुष्यावरून कळते. न्यूयॉर्कची ३६९ वी पायदळ रेजिमेंट कृष्णवर्णीयांची होती. अमेरिकी सैन्याने तिला फ्रेंचांच्या हाताखाली दिले. मे १९१८ मध्ये रात्रीच्या पहाऱ्यावर जॉन्सनने जर्मन तुकडीचा हल्ला परतवला आणि त्याला २१ जखमा झाल्या. फ्रान्सने शौर्यपदक दिले. स्वतःच्या देशाने त्याच्या डिस्चार्जच्या कागदात एकाही जखमेचा उल्लेख केला नाही. १९२९ मध्ये तो हलाखीत मेला. जखमेचे पदक १९९६ मध्ये आणि देशाचे सर्वोच्च शौर्यपदक जून २०१५ मध्ये मिळाले.

या लढ्यात पुढे होते हर्मन जॉन्सन. ते स्वतः दुसऱ्या महायुद्धातले सैनिक, आणि हेन्री आपला बाप आहे असे मानणारे. बाप बेवारस पुरला गेला अशी समजूत होती. त्याची कबर आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिक स्मशानभूमीत आहे हे २००२ मध्ये उघड झाले. पण सर्वोच्च पदकासाठी कागद तपासले गेले, तेव्हा हर्मन आणि हेन्री यांच्यात रक्ताचे नाते असल्याचा पुरावा सापडला नाही. तोवर हर्मन वारले होते. नोंदी तपासल्या की आपल्याला हवे तेच निघेल असे नाही. तरीही हर्मन यांनी मागितलेला न्याय खरा होता आणि तो मिळाला. सत्याची बाजू घ्यायची तर ती पूर्ण घ्यावी लागते.

अमेरिकेत १९४६ पासून लष्करी नोंदी दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र मंडळे आहेत. मृत सैनिकाचे जवळचे नातेवाईक तिथे अर्ज करू शकतात. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागून १६० ते १८० लाख फायली गेल्या, तेव्हा सरकारने पगारपत्रके आणि इतर दप्तरांतून त्या सेवा पुन्हा उभ्या करण्याचे काम हाती घेतले. तिथे आगीत गेलेले भरून काढण्याची जबाबदारी सरकारने घेतली. आपल्याकडे नियमाने नष्ट केलेल्या कागदाची जबाबदारी घरच्यांवर येऊन पडते.

भारतीय शिपायाचे नाव गाळण्याचा इतिहासही मोठा आहे. इराकमधल्या बसरा स्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या भारतीय अधिकाऱ्यांची नावे आहेत, पण साधे शिपाई फक्त संख्येने मोजलेले. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाने एप्रिल २०२१ च्या अहवालात कबूल केले की त्या युद्धातल्या किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची, मुख्यतः आफ्रिकी आणि इजिप्ती, नावानिशी नोंदच झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात, म्हणजे १९४७ च्या अखेरपर्यंत, ज्यांच्या घरचा जवान सेवेत वारला, त्यांनी या आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधावे. चूक असेल तर पुराव्यासह कळवता येते.

'महार' ही नोंद पुसायची का?

आता मूळ मुद्दा. काही तरुणांना वाटते की आपण बौद्ध आहोत, मग आजोबांच्या कागदावरही 'बौद्ध' करून घ्यावे. भावना समजण्यासारखी आहे. मार्ग चुकीचा आहे.

१९४२ मध्ये आजोबांना लष्कराने महार म्हणून घेतले. ती नोंद खरी आहे. ती बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, इतिहासात फेरफार. धर्मांतराचे मोल कळण्यासाठी आधी आपण काय होतो याची नोंद शाबूत हवी. १९५६ च्या आधीचा कागद जसाच्या तसा राहिला, तरच १९५६ ला केवढी उडी घेतली ते पुढच्या पिढीला दिसेल.

व्यवहाराचे कारण त्याहून मोठे आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख आहे. त्या तारखेपूर्वीची जात आणि वास्तव्य सिद्ध करावे लागते. २००० च्या जात पडताळणी कायद्यानुसार सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच आहे. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीने, आणि तिथेही मूळ जातीचा पुरावा लागतोच. पडताळणीत स्वातंत्र्यपूर्व कागदांचे पुरावा म्हणून वजन जास्त, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आनंद काटोले प्रकरणात म्हटले आहे. ते प्रकरण अनुसूचित जमातीचे होते, पण जुन्या कागदाला वजन का असते याचे कारण सगळीकडे सारखेच आहे: तो लिहिला तेव्हा आरक्षणाचा लाभ कुणाच्या मनातही नव्हता.

ज्या भूमिहीन घराकडे सातबारा नाही, ज्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांच्या घरी असा जुना कागद कुठला? गावच्या कोतवाल पंजीतली जन्म-मृत्यूची नोंद, आणि लष्करातली भरतीची नोंद. शिवाय लष्करी कागदावर मूळ गाव लिहिलेले असते. मुले सागरच्या किंवा कामठीच्या छावणीत जन्मली असली, तरी घर भंडारा जिल्ह्यातले आहे हे त्यावरून दाखवता येते. हा कागद 'सुधारून' घेणे म्हणजे आपल्याच नातवाच्या वाटेत दगड ठेवणे. स्वतःचा आणि मुलांचा धर्म सर्वत्र बौद्धच लावा, त्याबद्दल दुमत नाही. आजोबांच्या नोंदीत फक्त चुकलेले दुरुस्त करा.

समाज म्हणून काय करायचे

हे काम एकेकट्या घराने करण्याजोगे नाही. करडीत बसलेल्या माणसासाठी जिल्हा कार्यालय भंडाऱ्याला, नोंदी सागरला, पेन्शनचा हिशेब प्रयागराजला आणि न्याय मुंबईला. प्रत्येक गावच्या बुद्ध विहारात वर्षातून एक रविवार यासाठी ठेवता येईल. माजी सैनिकांच्या घरचे डिस्चार्ज बुक, पदके आणि जुनी पत्रे यांचे फोटो काढून घ्यावेत, सैनिक क्रमांकांची यादी करावी, हयात वृद्धांच्या सह्या असलेले अर्ज त्याच दिवशी तयार करावेत. शिकलेल्या मुलामुलींना जमेल असेच हे काम आहे.

सरकारकडे मागण्याही नेमक्या ठेवाव्यात. पंचवीस वर्षांची मुदत संपण्यापूर्वी सैनिकाच्या घरी कळवल्याशिवाय कोणतीही फाईल नष्ट करू नये. सर्व रेकॉर्ड ऑफिसांतील लाँग रोलचे संगणकीकरण करून वारसांना साक्षांकित प्रत विनाअडथळा द्यावी. जिल्हा आणि तहसील यांच्या नावांतला फरक केवळ सीमाबदलामुळे असेल, तर अर्ज परत पाठवू नये. आणि जात पडताळणी समित्यांनी लष्करी भरतीची नोंद पाहताना रेकॉर्ड ऑफिसशी स्वतः खातरजमा करावी, तो हेलपाटा अर्जदारावर टाकू नये.

वलंगकर आणि कांबळे यांनी इंग्रजांना दप्तर उघडायला सांगितले, तेव्हा त्यांच्या हातात ना मतदानाचा हक्क होता, ना माहिती अधिकाराचा कायदा. आपल्याकडे दोन्ही आहेत. या आठवड्यात घरातली पेटी उघडा, सैनिक क्रमांक लिहून काढा आणि पहिला अर्ज पोचपावतीसह द्या.

जय भीम!